मूलस्थानाचा शोध : उल्हासनगरांतील हटवाणिकी वह्या

१

अंबरनाथच्या शिवालयांतील शिलालेख शके ९८२ चा, म्हणजे इ. स. १०६० चा असून त्यांत शिलाहार राजा माम्वाणि याचें नांव आहे, हें वाचकांस विदितच आहे. २०१७ सालीं, पावसाळा संपल्यावर, एके सायंकाळीं आम्ही तें देवालय उल्हासनगरच्या एका सिंधी तरुणास दाखवीत होतों. राजाचें नांव ऐकतांच त्यानें विचारलें, "सर, हा राजा आमच्यापैकीं होता काय?" आम्हांस हंसूं आलें, परंतु प्रश्न सर्वथा निरर्थक नव्हता. त्याच्या आडनांवाच्या अंतीं 'आणी' होतें, आणि त्याच्या शेजारपाजारच्या बहुतेक आडनांवांच्या अंतींहि तेंच होतें. माम्वाणि हें मुम्मुणि या नांवाचेंच दुसरें रूप असून सिंधी आडनांवांशीं त्याचा कांहीं संबंध नाहीं, असें आम्हीं त्यास समजावून सांगितलें. केवळ नामसादृश्यावरून कुळाचा निर्णय करूं नये, हा धडा आम्हीं त्या दिवशीं मोठ्या अधिकारानें दिला. पुढें थोड्याच दिवसांत तीच चूक आमच्या हातून झाली. ती कशी झाली आणि तिजपासून संग्राहकांनीं काय घ्यावें, हें सांगण्यासाठीं प्रस्तुत लेख लिहिला आहे.

हा तरुण दुबईस नोकरीस असून रजेवर आला होता. त्याची आजी नऊ वर्षांची असतां, १९४८ सालीं, कराचीहून बोटीनें मुंबईस आली. त्या वर्षीं ६ जानेवारीस कराचींत दंगल झाल्यावर सिंधी हिंदूंचा ओघ फार वाढला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत कल्याणजवळ उभारलेल्या लष्करी छावणीच्या बराकींत त्यांपैकीं पुष्कळांस जागा देण्यांत आली. या कल्याण कँपासच ८ ऑगस्ट १९४९ रोजीं गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्तें उल्हासनगर हें नांव मिळालें. जी उल्हास नदी आमच्या बदलापुरावरून वाहते, तिचेंच हें नांव. सिंधुतीर सुटलेल्या लोकांस असें दुसऱ्या नदीचें नांव लाभलें.

आजी, मुलगा व नातू अशा तीन पिढ्यांनीं मिळून सिंधप्रांतीं जावें व आपलें मूळ स्थान पाहून यावें, असा त्या कुटुंबाचा बेत होता. आजीचा जन्म हैदराबादेंतील हिराबाद या वस्तींतला. ती गल्ली तिला आठवत होती. परंतु "आपण मूळचे खुदाबादचे," असें तिचे आजोबा सांगत. तें खुदाबाद तिनें पाहिलें नव्हतें. तें कोठें आहे, हें विचारण्यासाठीं नातू आम्हांकडे आला होता. आम्हीं गॅझेटियर काढून पाहिलें आणि सांगितलें : दादूजवळ, सिंधु नदीच्या पश्चिमेस, कल्होड्यांची जुनी राजधानी. घरीं कांहीं जुने कागद आहेत काय, हा पहिला प्रश्न आम्हीं विचारलाच नाहीं. चाळीस वर्षें विद्यार्थ्यांस "आधीं मूळ पाहा" असें सांगण्यांत घालवूनहि तो आम्हांस सुचला नाहीं.

२

पाकिस्तानचा प्रवेश-परवाना सबंध देशासाठीं मिळत नसून ठराविक शहरांपुरता मिळतो. या कुटुंबानें कराची, हैदराबाद व दादू हीं नांवें घातलीं. जोधपुराहून मुनाबाव-खोखरापार मार्गें कराचीस जाणारी थर एक्सप्रेस ही गाडी त्या वेळीं चालूं होती. १९६५ च्या युद्धांत तुटलेला हा मार्ग फेब्रुवारी २००६ मध्यें पुन्हां सुरू झाला होता. त्या गाडीनें हीं तिघें गेलीं. हिराबादेंतील घर सांपडलें. गच्चीवरील वारा घेणारे झरोके, ज्यांस तिकडे मंघ म्हणतात, ते गेलेले होते. परंतु जिन्याची पहिली पायरी आजीनें ओळखली. घरांत राहणाऱ्या मंडळींनीं तिला ओट्यावर बसवून चहा दिला. नंतर तीं दादूस गेलीं. तेथें खुदाबादची जामी मशीद व यार महंमद कल्होडा याची कबर पाहून आजीनें तेथील चिमूटभर माती रुमालांत बांधली आणि घरीं आणून झूलेलालांच्या तसबिरीपुढें ठेवली. आजी २०२० सालीं निवर्तली.

२०२१ सालीं घराची डागडुजी करतांना पलंगाखालील पत्र्याची पेटी उघडली गेली. तींत लाल कापडाच्या बांधणीच्या दोन वह्या निघाल्या. तिसरीहि एक होती. ती पूर्वींच रद्दींत गेली होती. नातवानें पानांचीं छायाचित्रें आम्हांस पाठविलीं. अक्षरें आम्हांस लागलीं नाहींत, तरी लिपि कोणती हें ओळखतां आलें. ती हटवाणिकी होती.

३

आतां या शोधाचें शास्त्र थोडें सांगतों. कारण मराठी मनुष्य आपल्या संवयीनें चालल्यास येथें फसतो.

पहिली गोष्ट आडनांवाची. कोंकणांत वा देशावर 'कर' या अन्त्यपदावरून गांव निघतें. पेण सुटून शंभर वर्षें झालीं तरी पेणकर हें नांव पेणेचा पत्ता सांगतें. सिंधी आडनांव पूर्वजाचें नांव सांगतें, गांव सांगत नाहीं. अडवाणी, मलकाणी, किरपलाणी, वासवाणी यांतील 'आणी' हा अमक्याचा वंशज अशा अर्थाचा आहे. संस्कृतांतील दाशरथि, वासुदेव इत्यादि रूपांत जें काम अपत्यार्थक तद्धित करतो, तेंच हा प्रत्यय करतो. इन्द्राणी, भवानी या रूपांतील स्त्रीवाचक अंश निराळा. त्याशीं याची गल्लत करूं नये. आहुजा, रहेजा, तलरेजा, मखीजा यांतील 'जा' याचाहि अर्थ असाच आहे. म्हणून सिंधी आडनांवावरून गांव शोधूं जाणें व्यर्थ होय. आडनांवाखेरीज प्रत्येक कुळास 'नुख' म्हणून एक पोटकुळाचें नांव असतें. विवाहप्रसंगीं तें विचारलें जातें, एरवीं तरुणांस तें ठाऊक नसतें. तें वृद्धांकडून आधींच टिपून ठेवावें.

दुसरी गोष्ट गांवाची. सिंध इ. स. १८४३ त इंग्रजांनीं जिंकला, १८४७ त तो मुंबई इलाख्यास जोडला गेला व १ एप्रिल १९३६ रोजीं निराळा प्रांत झाला. सुमारें नव्वद वर्षें ठाणें जिल्हा आणि सिंध एकाच सरकारच्या दप्तरांत होते. यामुळें तिकडील जमाबंदीचे शब्द आपणांस परके वाटण्याचें कारण नाहीं. तिकडील देह म्हणजे आपला मौजा, टपेदार म्हणजे तलाठी, मुख्त्यारकार म्हणजे मामलेदार. १८७९ चा मुंबईचा जमीन-महसूल कायदा तिकडेहि लागूं होता. आपल्या सातबारांतील सात हा गांव-नमुन्याचा अंक असून सिंधमध्यें आजहि हक्कनोंदीच्या कागदास नमुना सात म्हणतात. तेव्हां एखाद्या कुटुंबास आपली जमीन कोठें होती हें शोधावयाचें असेल, तर जिल्ह्याचें नांव पुरत नाहीं. देह आणि तालुका हीं दोन्हीं पाहिजेत. शिवाय नांवें बदलतात : नवाबशहा जिल्ह्याचें नांव २००८ सालीं बदलून शहीद बेनझीराबाद झालें. जुनीं नांवें पाहण्यास ह्यूज याचें १८७६ चें आणि एटकेन याचें १९०७ चें गॅझेटियर उपयोगी पडतें. परंतु गॅझेटियर गांव कोठें आहे एवढेंच सांगतें. तें तुमचें होतें कीं नाहीं, हें सांगत नाहीं. आमची चूक नेमकी येथें झाली.

ही अडचण सिंधी कुटुंबांपुरतीच नाहीं. अमेरिकेंत व ऑस्ट्रेलियांत गेलेल्या आयरिश लोकांचे वंशज आजी-नातवंडांसह आयर्लंडास जाऊन पूर्वजांचें घर शोधतात. "आम्ही कॉर्कचे" एवढें त्यांस ठाऊक असतें. परंतु कॉर्क हा सबंध परगणा झाला. त्यांस टाउनलँड म्हणजे आपल्या मौजासारखा लहान विभाग हुडकावा लागतो. त्यांतच ३० जून १९२२ रोजीं यादवीच्या लढाईंत डब्लिनचें सरकारी दप्तरखानें जळालें आणि १८२१ ते १८५१ पर्यंतच्या खानेसुमारीचे बहुतेक कागद नष्ट झाले. तेव्हांपासून तेथील शोध चर्चच्या नोंदवह्या, एकोणिसाव्या शतकाच्या मध्याची ग्रिफिथची जमीन-मोजदाद आणि घरांतील पत्रें यांवर चालतो. सरकारी दप्तर नाहींसें झाल्यावर घरच्या पेटीची किंमत कशी वाढते, याचा हा दाखला आहे.

४

घरच्या पेटींत काय सांपडतें? उल्हासनगरांत पाहण्यांत आलेले कागद स्थूलमानानें चार प्रकारचे आहेत.

पहिला प्रकार हटवाणिकी वह्यांचा. 'हट' म्हणजे दुकान, संस्कृत हट्ट. 'वाणिको' म्हणजे वाण्याचें. ही लंडा वर्गांतील लिपि असून तिचें सुधारलेलें रूप खुदाबादी या नांवानें ओळखलें जातें. व्यापारी लोक ती बहुधा स्वरचिन्हांवांचून लिहीत. मोडी वाचणारास ऱ्हस्वदीर्घाची अडचण येते. येथें काना, मात्रा, वेलांटी यांचाच पत्ता नसतो. महाजनी लिपीविषयींची एक जुनी गोष्ट सर्वश्रुत आहे : "काकाजी अजमेर गये" असें लिहून धाडलें तें घरच्यांनीं "काकाजी आज मर गये" असें वाचून रडारड केली. हा विनोद खरा. पण वही वाचणारानें तो नित्य ध्यानांत ठेवावा. १८६८ सालीं या लिपीस शाळेयोग्य रूप देण्याचें काम सिंधचे उपशिक्षणाधिकारी नारायण जगन्नाथ वैद्य यांजकडे सोंपविण्यांत आलें. कराचींतील जुन्या सरकारी शाळेस आजहि त्यांचेंच नांव आहे. वैद्य यांच्या सुधारणेंत स्वरचिन्हें आलीं. परंतु दुकानाच्या गादीवर जुनी पद्धतच टिकली.

दुसरा प्रकार अरबी वळणाच्या सिंधी लिपींतील पत्रांचा. बावन्न अक्षरांची ही लिपि इंग्रज सरकारनें १८५३ त ठरविली व शाळा, कचेरी यांत तीच चालली. तिसरा प्रकार गुरुमुखींतील पोथ्यांचा. सिंधी हिंदूंत नानकपंथी पुष्कळ. घरांतील स्त्रियांस गुरुमुखी येत असे, आणि आजींच्या नित्यपाठाच्या पोथीच्या कोऱ्या पानांवर जन्ममृत्यूच्या नोंदी सांपडतात. चौथा प्रकार तालपूर मीरांच्या काळापासूनच्या फारसी खतांचा. हीं क्वचित् सांपडतात. एकाच घरांत आजोबा हटवाणिकी, आजी गुरुमुखी आणि मुलगा अरबी-सिंधी लिहितो, तर नातवास फक्त देवनागरी व रोमन येते. एका घरांत एकच भाषा, आणि तीन पिढ्यांचें लिहिणें चौथीस वाचतां येत नाहीं, अशी ही स्थिति आहे.

कालगणनेचाहि विचार ठेवावा. वह्यांत विक्रम संवत् असतो. त्यांतून ५७ वा ५६ वजा केले म्हणजे इसवी सन निघतो. शकाची संवय असलेल्यानें घाईनें ७८ मिळविल्यास नातू आजोबांच्या आधीं जन्मतो.

५

घराबाहेरील साधनें पुढीलप्रमाणें. हरिद्वारच्या पंड्यांच्या बह्या आमच्या नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या नामावळ्यांसारख्याच असून त्या मूळ गांव व जात यांवरून लावलेल्या असतात. त्यांपैकीं पुष्कळांचीं चित्रें युटा येथील वंशावळी-संस्थेनें फितींवर घेतलीं आहेत. परंतु तेथेंहि "गांव कोणतें?" हा प्रश्न प्रथम येतो. निर्वासितांच्या मालमत्तेच्या दाव्यांचे कागद, म्हणजे १९५० च्या दावे-कायद्याखालीं व १९५४ च्या भरपाई-कायद्याखालीं झालेले अर्ज, फार मोलाचे. कारण मागें राहिलेलें घर कोठें होतें व शेत कोणत्या ठिकाणचें, याचा तपशील त्यांत द्यावा लागे. त्यांच्या नकला पुष्कळ घरांत अद्याप आहेत, आणि "पैसे मिळून गेले, आतां काय उपयोग" म्हणून टाकून दिल्या जातात. १९३६ पूर्वींचा सिंधविषयक सरकारी पत्रव्यवहार मुंबईस एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतींतील राज्य दप्तरखान्यांत पाहतां येतो. कच्छांतील आदिपूर येथें सिंधी विद्येस वाहिलेली संस्था आहे. तिकडे जामशोरो येथेंहि एक आहे.

इतकीं साधनें आहेत. पण त्यांचीं कुलपें उघडणारी किल्ली बहुधा घरांतील वहीच असते.

६

आतां त्या दोन वह्यांचें काय झालें, तें सांगतों. उल्हासनगरांतच पंचाऐंशीच्या पुढील एक व्यापारी गृहस्थ हटवाणिकी वाचणारे मिळाले. ही लिपि ते वडिलांच्या दुकानांत शिकले होते. त्यांनीं एक एक ओळ मोठ्यानें वाचली आणि नातवानें ती मोबाईलवर ध्वनिमुद्रित केली. पहिल्या वहीच्या आरंभीं, मंगलाक्षरांनंतर, घराण्याच्या मूळपुरुषाचें नांव, संवत् १९३१ म्हणजे इ. स. १८७४-७५, आणि पुढें 'ख द ब द' व त्यालगत 'ह ल' अशीं अक्षरें होतीं. वृद्ध गृहस्थ म्हणाले, "खुदाबाद, हाला." आम्हीं शंका काढली कीं 'ह ल' हें 'हाल', म्हणजे हल्लीं, असेंहि वाचतां येईल, आणि मग अर्थ "हल्लीं खुदाबादेस राहणारे" असा होईल. ते हंसले आणि त्यांनीं पानें उलटण्यास सांगितलें. येणें-बाकीच्या यादींत कुळांच्या नांवांपुढें गांवें होतीं : पुन्हां पुन्हां हाला, भिटशाह व मटियारी. हीं तिन्हीं गांवें सिंधूच्या पूर्वेस, एकमेकांच्या जवळ आहेत. दादूच्या बाजूचें एकहि नांव त्या यादींत नव्हतें.

खुदाबादें दोन आहेत. पहिलें दादूजवळ, दुसरें, ज्यास नवें खुदाबाद म्हणतात, तें हाल्याजवळ. पहिलें मोडल्यावर तेथील आमिल व भाईबंद मंडळी दुसऱ्यांत आली आणि गुलामशहा कल्होड्यानें १७६८ सालीं हैदराबाद वसविल्यावर तिकडे गेली, अशी परंपरा आहे. या घराण्याचें दुकान दुसऱ्या खुदाबादेंत होतें, असें वहीवरून ठरतें. हैदराबादेंत हीं तिघें जेथें उतरलीं होतीं, तेथून हाला मोटारीनें जाऊन त्याच दिवशीं परत येण्यासारखें होतें. आम्हीं त्यांस नदीच्या दुसऱ्या तीरास धाडलें.

आजीनें आणलेली माती खोटी, असें आम्ही म्हणत नाहीं. परंपरा खरी असेल तर तीहि तिच्या पूर्वजांचीच माती. परंतु तिचे आजोबा ज्या खुदाबादविषयीं बोलत, तें हें नव्हे. वही त्या वेळीं उघडली असती तर आजीस तें पाहतां आलें असतें. तें उत्तर तर ती रोज रात्रीं ज्यावर निजे त्या पलंगाखालींच होतें. हें नातवास सांगतांना आम्हांस फार जड गेलें. तो कांहींच बोलला नाहीं. पुढच्या भेटीस दुसरी वही घेऊन आला.

पुन्हां जाणें आतां सोपें राहिलें नाहीं. थर एक्सप्रेस ऑगस्ट २०१९ मध्यें बंद पडली आणि एप्रिल २०२५ मध्यें अटारीची वाट बंद झाली. तीर्थयात्रेसाठीं १९७४ चा उभय देशांचा करार आहे व त्याच्या यादींत हयात पिताफी येथील शदाणी दरबार आहे. परंतु अशा जथ्यास नेमल्या ठिकाणांखेरीज आडवाटेच्या गांवीं जातां येत नाहीं. म्हणून ज्यांस आज जातां येत नाहीं त्यांनीं हा काळ वाचनांत घालवावा, आणि ज्यांस परदेशच्या नागरिकत्वामुळें वा पुढेंमागें जातां येईल त्यांनीं दप्तर वाचल्यावांचून निघूं नये.

७

शेवटीं संग्राहक बंधूंस कांहीं विनंति आहे. उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर येथील रद्दीच्या दुकानांत अशा वह्या किलोच्या भावानें येतात आणि आपणांपैकीं कांहीं जण त्या विकत घेतात, हें आम्हांस ठाऊक आहे. त्यांनीं त्या वांचविल्या, याबद्दल त्यांचे आभारच मानले पाहिजेत. परंतु कोणत्या घरांतून आली हें न टिपतां घेतलेली वही अर्धी मेलेली असते. लिपि व अक्षराचें वळण यांसाठीं ती उपयोगी पडेल; ज्या कुळाचें गांव तींत आहे त्यास ती कधींच सांपडणार नाहीं.

तेव्हां, वही मिळतांच ती कोठून व केव्हां आली हें प्रथम लिहावें. शक्य तर त्या घराचा शोध करून मूळ प्रत त्यांजकडेच राहूं द्यावी व आपण छायाचित्रें घ्यावींत. बांधणी सोडूं नये. पुठ्ठे, कोरीं पानें व आंतील चिठोऱ्या यांचींहि चित्रें घ्यावींत. वाचन छापतांना, मोडी कागदांच्या बाबतींत आपण जी काळजी घेतों तीच येथें घ्यावी : एका ओळींत मूळ अक्षरें जशींच्या तशीं, स्वर न घालतां, आणि खालच्या ओळींत आपलें वाचन. 'ह ल' हें 'हाला' कीं 'हाल', हा वाद पुढच्या वाचकास त्यामुळें पुन्हां करतां येईल. २०१४ पासून या लिपीचीं अक्षरें संगणकाच्या युनिकोड संकेतांत आलीं आहेत, त्यामुळें मूळ अक्षर टंकितहि करतां येतें. आणि सर्वांत तांतडीचें म्हणजे, ही लिपि दुकानांत शिकलेलीं माणसें आतां हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीं उरलीं आहेत. त्यांच्यापुढें वही धरून त्यांचें वाचन ध्वनिमुद्रित करावें. कागद आणखी वीस वर्षें थांबेल. ते थांबणार नाहींत.

ज्या वृद्ध गृहस्थांनीं आमची चूक दाखविली, त्यांच्याकडे नातू रजेवर आला म्हणजे रविवारीं जातो. पहिल्या वहीचीं बावीस पानें वाचून झालीं आहेत. दुसरी अद्याप व्हावयाची आहे. कोणा वाचकाच्या संग्रहांत हाला, भिटशाह वा मटियारी या बाजूची हटवाणिकी वही असल्यास अक्षरांचा मेळ पाहण्यासाठीं तिचें एखादें पान पाहावयास मिळावें, अशी त्या घराच्या वतीनें आमची प्रार्थना आहे.